तीनशे चाळीसच्या जागी दोनशे पंचवीस

बोटीचा भोंगा झाला तेव्हा माझी आई माझा हात सोडून भाबीचा हात धरून उभी होती. मुंबईच्या बंदरावर कुवेतला जाणाऱ्यांची गर्दी होती. ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, सुक्या मासळीच्या वासाची गाठोडी, रडणाऱ्या बायका. माझी आई मात्र रडत नव्हती. ती भाबीला सांगत होती, "माझ्या पोरीला सांभाळ गो. तिला इंग्रजी येतं, बाकी काय येत नाय."

भाबी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको, हमीदाभाबी. झैद, सना, तुम्ही नातवंडं तिला बडी दादी म्हणता आणि मला छोटी दादी. पंच्याहत्तरी आली तरी मी छोटीच. त्या दिवशी भाबीच्या कडेवर वर्षाचा नासीर होता आणि माझ्या हातात टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट असलेली फाइल होती. आमचे दोघींचे नवरे आधीच कुवेतला पोचले होते. माझं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. तुमचे दादा, म्हणजे आजोबा युसूफ, मला धड ओळखतही नव्हते.

माझे अब्बा रत्नागिरीत शाळामास्तर होते. त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलं, मॅट्रिकपर्यंत इंग्रजीत शिकवलं. बंदरावर त्यांनी एवढंच सांगितलं, "जे टाइप करशील ते दोनदा वाच. गेलेला कागद परत बोलावता येत नाही." मग त्यांनी भाबीच्या नासीरला खाऊसाठी एक रुपया दिला. मला काही दिलं नाही. मी मोजलं होतं.

हे सगळं मी मराठीत का लिहिते आहे, असं सना विचारेल. तुम्ही दोघं मला इंग्रजीतच उत्तरं देता, आणि माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा शुद्ध आहे. पण इंग्रजीत मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद टाइप केले. हा कागद माझा आहे. अडेल तिथे इमरान वाचून दाखवील. तुमच्या बापाला मी मराठी छडी मारून शिकवलंय.

कुवेतमध्ये आम्ही दस्मानला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकाची जागा. भाबीच्या खोलीच्या खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसायचा. माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसायची. ती आधी आल्यामुळे तिला ती खोली मिळाली असं सगळे म्हणायचे. आम्ही दोघी एकाच बोटीतून एकाच दिवशी उतरलो होतो.

भाबीला लिहिता-वाचता येत नव्हतं, उर्दूतली सही सोडली तर. पण ती बाजारात गेली की अरबी दुकानदार तिला खजुराची मूठ जास्त घालायचा. तिची मच्छीची आमटी खायला अहमदीहून लोक यायचे. तिची मुलं अंगाखांद्यावर खेळायची, आणि माझी कूस दोन वर्षं, तीन वर्षं तशीच. शिलाई मशीनवर ती शेजारणींच्या पोरांची झबली शिवायची आणि त्या बायका मला विचारायच्या, "तुला काय काय येतं?" मी म्हणायचे, मिनिटाला साठ शब्द. त्या हसायच्या.

मोठे दीर, तुमचे बडे दादा, अहमदीला तेल कंपनीच्या एका ठेकेदाराकडे फोरमन होते. तिथले अमेरिकन साहेब आपल्या गाड्या कशा धावतात त्याच्या गप्पा मारायचे आणि बडे दादा ऐकून येऊन जेवताना आम्हाला सांगायचे. तुमचे दादा अमेरिकन गाड्यांच्या एका एजन्सीत सुट्या भागांच्या काउंटरवर होते. तिथल्या इंग्रजी टायपिस्टने नोकरी सोडली आणि मला ती जागा मिळाली. सकाळी आम्ही दोघं एकाच बसने जायचो. त्या वीस मिनिटांपुरता नवरा माझा एकटीचा असायचा.

झैद, तुला ह्या गाड्यांचं माझ्याहून जास्त कळतं, पण मला जे माहीत आहे ते पुस्तकातून आलेलं नाही. डार्ट ही अमेरिकेतली छोटी गाडी. छोटी म्हणजे त्यांच्या हिशेबाने छोटी, आपल्याकडे तिच्यात वरात बसली असती. गंमत अशी की ह्या छोट्या अंगात कुठलं इंजिन घालायचं ते गिऱ्हाइकाने निवडायचं. यादीत चार इंजिनं होती. एकशे अठ्ठ्याण्णव, ते सहा सिलिंडरचं लहान. दोनशे पंचवीस, तेही सहाच सिलिंडरचं, पण मोठं. तीनशे अठरा, आठ सिलिंडरचं साधं. आणि तीनशे चाळीस. आकडे क्युबिक इंचाचे. तीनशे चाळीसला चार तोंडांचा कार्बोरेटर आणि मागे दोन धुराडी. बाहेरून पाहिलं तर चारही गाड्या बहिणी वाटाव्यात. फरक सगळा बॉनेटखाली.

दोनशे पंचवीसची एक खूण मी आजही डोळे मिटून सांगेन. ते इंजिन सरळ उभं नसतं. ते एका बाजूला कललेलं असतं, बसमध्ये झोप लागलेल्या माणसासारखं. बॉनेट ठेंगणं ठेवायचं म्हणून त्यांनी ते मुद्दाम तसं बसवलं होतं. काउंटरवरची पोरं त्याला लंगडं म्हणायची.

बडे दादांनी ठरवलं, डार्ट घ्यायची आणि तीनशे चाळीसच घ्यायची. घरी महिनाभर दुसरा विषय नव्हता. ते ताटावरून उठून हाताने दाखवायचे, "साहेबाने सुरू केली ना, तर माझ्या कपातल्या चहाला लाटा आल्या!" त्यांनी गावी पत्र टाकलं की आठ सिलिंडरची घेतोय. त्यावर माझ्या आईचं मला पत्र आलं. अब्बांना कळू नये म्हणून शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. "तुझा दीर आठ सिलिंडर कशाला घेतो? खानावळ टाकणार असेल तर तुला चुलीपाशी बसवू देऊ नको." रत्नागिरीत त्या वेळी सिलिंडर म्हणजे डॉक्टरांच्या घरी आलेला गॅस. ते पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. भाबी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचे दादाही तिच्याकडे बघून हसले. माझ्याच आईच्या पत्रावर, माझ्याच नवऱ्याला, हसवलं तिने.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरणीकडे जाऊन आले होते. तिने थांबा म्हणून सांगितलं. आणि भाबीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

शुक्रवारी दाभोळकडची काही माणसं जेवायला आली. पुन्हा गाडीचा विषय. कुणीतरी विचारलं, एवढ्या गाडीत बसणार कोण कोण? भाबी वाढता वाढता म्हणाली, "पोरं पुढं. छोटीला मागं बसवीन हो, तिची हपिसची बस चुकते सारखी." सगळे हसले. ती चिडवून बोलली की मायेने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. माझी बस एकदाच चुकली होती.

शनिवारी सकाळी सेल्समनने अरबीत लिहिलेल्या ऑर्डरींचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्या मी इंग्रजी फॉर्मवर चार प्रतींत टाइप करायचे. तीन कार्बन घालून. पहिली अमेरिकेला, दुसरी हिशेबाला, तिसरी सुट्या भागांच्या खात्याला. चौथी इतकी पुसट यायची की ती फाडून टाकायची पद्धत होती. गठ्ठ्यात तिसरी ऑर्डर बडे दादांची होती. रंग पांढरा. दारं दोन. हीटर नको. इंजिन तीनशे चाळीस.

अरबी आकड्यांत दोन आणि तीन ह्यांच्यात एका दाताचा फरक असतो. घाईत लिहिलं की नवखा माणूस चुकतो. मी नवखी नव्हते. आणि चाळीसचं पंचवीस कुठल्याच लिपीत होत नाही.

मी दोनशे पंचवीस टाइप केलं.

अब्बांनी सांगितल्याप्रमाणे दोनदा वाचलं. मग सगळा गठ्ठा घेऊन काउंटरवर गेले. घरच्या माणसाची ऑर्डर म्हणून तिची तपासणी तुमच्या दादांकडे दिली होती. ते गास्केटची पाकिटं लावत होते. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, तपासणी करणाऱ्याच्या रकान्यात आपल्या नावाची दोन अक्षरं घातली आणि कागद परत दिला. वाचलं नाही. माझं टायपिंग ते कधीच वाचत नसत.

चौथी प्रत मी फाडली नाही. पर्समध्ये ठेवली. का, ते मला सांगता येत नाही. मी कागद फाडणारी बाई नाही, एवढंच.

चार महिन्यांनी गाडी आली. शुवेखच्या बंदरात आम्ही सगळे गेलो, भाबी आठव्या महिन्याचं पोट घेऊन. गाडी उन्हात अशी पांढरी चमकत होती की बघवेना. बडे दादांनी सगळ्यांसमोर बॉनेट उचललं. मग माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "युसूफ, हे वाकडं काय आहे?"

तुमच्या दादांनी वाकून पाहिलं. ते रोज त्याच इंजिनाचे भाग विकत होते, त्यांना पाहायची गरज नव्हती.

एजन्सीने फाइल काढली. फॉर्मवर दोनशे पंचवीस होतं आणि खाली तुमच्या दादांची दोन अक्षरं. मॅनेजर म्हणाले, अमेरिकेने मागितलं तेच पाठवलंय, तुमच्याच भावाने तपासलंय, आणि टायपिस्टच्या चुकीला जबाबदार तपासणारा. हवं तर पुढच्या वर्षीची ऑर्डर आत्ताच घेतो. पुढच्या वर्षीची यादी आली तेव्हा त्यात तीनशे चाळीस नव्हतंच. त्यांनी ते बनवायचं बंद केलं होतं, जागी दुसरा आकडा आला होता. बडे दादांना दुसरा आकडा नको होता. चहाच्या कपातल्या लाटा ज्या आकड्याच्या होत्या तोच त्यांना हवा होता.

"माझ्या सख्ख्या भावाने झोपेत सही केली," हे वाक्य ते पुढे आयुष्यभर बोलले. आधी रागाने, मग हसून. पण पहिली तीन वर्षं ते तुमच्या दादांशी बोललेच नाहीत. आम्ही दुसऱ्याच दिवशी दस्मानचं घर सोडून सालमियाला एका खोलीत आलो. दादांनी एजन्सीही सोडली. काउंटरवरची पोरं त्यांना दोनशे पंचवीस म्हणून हाक मारायला लागली होती.

गाडी आली त्या संध्याकाळी दादा घरी येऊन खाटेच्या कडेला बसले. बूट न काढता. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "तुझ्या हातून चुकत नाही." मी म्हणाले, "सगळ्यांच्या हातून चुकतं." त्यांनी पाणी पिऊन पेला मला परत दिला. ह्या विषयावर आमच्यात झालेलं हे एवढंच बोलणं. त्या वाक्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. त्यांना माझं कौतुक करायचं होतं, असा.

मला वाटलं होतं, भाबीची मान जरा खाली जाईल. झालं ते असं. बडे दादांचं त्या गाडीवरून मन उडालं. ते कंपनीच्या जीपने जायचे आणि डार्ट दारात उभी. मग भाबी म्हणाली, मी शिकते. तीनशे चाळीसच्या जवळ तिला कुणी फिरकू दिलं नसतं. लंगडी गाडी बायकांनी चालवली तर काय बिघडतं, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणायची, "माझ्या शिलाई मशीनसारखी टिकटिक करते, मला समजते ती." तिसऱ्या खेपेला तिला लायसन मिळालं. आमच्या कोकणातल्या सगळ्या बायकांत गाडी चालवणारी ती पहिली. पाट्या वाचता येत नव्हत्या, ती दुकानांच्या रंगांवरून रस्ते ओळखायची. बाळंतिणींना दवाखान्यात न्यायची. एक दिवस तिने मलाही नेलं. इमरानच्या वेळी. वळणावर गाडी हळू करून म्हणाली, "दुखलं तर सांग, उभी करीन." मी दात दाबून बसले. दुखत होतं, पण तिला सांगणार नव्हते.

म्हणजे मी तिच्या गाडीतून दोन सिलिंडर काढले आणि तिच्या हातात चाक दिलं. मी स्वतः गाडी चालवायला कधीच शिकले नाही. त्या पांढऱ्या गाडीत शिकावं लागलं असतं, तिच्याकडून.

इराकी फौज आली त्या ऑगस्टचीही गोष्ट तुम्ही ऐकली आहे, कारण ती सगळेच सांगतात. शेजाऱ्यांच्या नव्या गाड्या सैनिकांनी नेल्या. भाबीने डार्टच्या इंजिनावरची डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून तांदळाच्या डब्यात पुरली. गाडी काही सुरू होईना, शिवाय जुनी, म्हणून सोडून गेले. आम्ही सगळे बसने जॉर्डनकडे निघालो. दुसऱ्या वर्षी परतलो तर तांदळाला पोरकिडे लागलेले, टोपी ठीक आणि गाडी दारात. ही गोष्ट लग्नांत सांगतात. मी त्याच वेळी सगळ्या घराचे पासपोर्ट, जन्मदाखले, मुलांची सर्टिफिकेटं, गाडीचं दफ्तर, एकूण एक कागद पोटाला बांधून वाळवंटातून नेला आणि परत आणला. त्या कागदांवर दोन्ही घरांना पुन्हा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळाला. ती गोष्ट कुणी सांगत नाही. कागदाच्या गोष्टीत सांगण्यासारखं काही नसतं.

बडे दादा गेले. मग तुमचे दादा गेले. इमरान कॅनडाला गेला, तुम्ही तिथेच जन्मलात. मी धाकट्या मुलाकडे, सलीमकडे, ह्याच सालमियात राहिले. भाबी नासीरकडे, त्याच इमारतीत, एक मजला खाली. गाडी नासीरच्या सुलैबियातल्या गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली.

आणि झैद, तू गेल्या हिवाळ्यात तीन आठवड्यांसाठी आलास. मी तुझ्यासाठी खोली लावली होती. तुझ्या बापाचे शाळेतले निबंध काढून ठेवले होते. तू पहिल्याच दिवशी सुलैबियाला गेलास आणि रोज जात राहिलास. एकदा सलीम मला तुमचे डबे द्यायला घेऊन आला. तू गाडीखाली होतास, तुझे नुसते पाय दिसत होते. भाबी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुला नट सोडवायचे पाने देत होती. "बडी दादी, थर्टीन!" तू म्हणायचास. ती म्हणायची, "तेराचा नको रे, तिथं बाराचाच बसतो, घे." आकडा वाचता येत नाही तिला. हाताने चाचपून देत होती. तू हसून म्हणालास, "हाऊ डू यू नो?" ती म्हणाली, "काय बोलतो तो? गो छोटी, सांग ना." मी दुभाषी झाले. माझ्या नातवाचं आणि तिचं बोलणं मी इकडून तिकडे पोचवत उभी राहिले, डबा हातात घेऊन.

त्या रात्री तू मला म्हणालास, दादी, बडी दादी इज सो कूल. बरोबर आहे. आहेच ती.

मग मागच्या महिन्यात तुझा मेसेज आला. तू फोटो पाठवलास, डॅशबोर्डवरच्या नंबरपट्टीचा. पाचवं अक्षर सी आहे, तू लिहिलंस. सी म्हणजे कारखान्यातूनच दोनशे पंचवीस. तीनशे चाळीस असतं तर एच आला असता. पण बडे दादांनी तर एच मागितलं होतं ना? तू एजन्सीत होतीस, काही कागद आहे का? ओहायोत मला एक तीनशे चाळीस मिळालंय, ते मी कुवेतला पाठवून ह्या गाडीत बसवणार आहे, बडे दादांची इच्छा म्हणून. आणि शेवटी, हसरं तोंड काढून, "सो इट वॉज दादाज मिस्टेक आफ्टर ऑल."

बडे दादांच्या तोंडून ते वाक्य मी हजार वेळा ऐकलं आणि ताट उचलून आत गेले. तुझ्याकडून आलं तेव्हा आत जायला जागा नव्हती. तुझ्या आजोबांची तुला आठवण नाही. तुझ्याजवळ त्यांचा चष्मा आहे, एक फोटो आहे आणि आता ही एक चूक आहे. ती त्यांची नाही.

कागद आहे. चौथी प्रत. माझ्या निळ्या फाइलमध्ये, सर्टिफिकेटच्या मागे. कार्बन इतका उतरलाय की उन्हात धरल्याशिवाय आकडा दिसत नाही. पण दिसतो.

तुला लिहिण्याआधी भाबीला सांगायला हवं होतं. गाडी तिची, नवरा तिचा, तीन वर्षांचा अबोला तिच्याही घरातला. मी चार दिवस जिना उतरून परत वर आले. पाचव्या दिवशी गेले. ती पापलेट साफ करत होती. मी कागद समोर धरला. म्हटलं, "भाबी, हे मी केलं होतं. चुकून नाही."

तिने हात धुतले नाहीत. नुसती मान पुढे काढून कागदाकडे बघितलं. "हे काय, त्या वेळचा कागद अजून ठेवलायस?" ती म्हणाली. "मी म्हटलं असलं सगळं फाडलं असशील."

मला कळेना. मी पुन्हा सांगितलं, मुद्दाम केलं, तुझ्यावर जळून केलं.

"माहीत हाय गो," ती म्हणाली. "गाडी आली ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी युसूफ आला होता. दस्मानला, दुपारचा, हे कामावर असताना. जिन्यात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, भाबी, तिच्या हातून चुकत नाही. तिला पोर नाय, तिला आता काय बोलू नका, माझ्यावर येऊ दे."

"आणि तू?"

"मी काय? मी म्हटलं बरं."

"पन्नास वर्षं?"

"मग काय करू? ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी तुला घरात घेतलं नसतं. दोन भाऊ भांडतात आणि परत जवळ येतात. तुला कोण परत आणणार होतं?" मग तिने माशाच्या पोटात बोट घातलं आणि म्हणाली, "आणि खरं सांगू, मला ते आठ सिलिंडरवालं नकोच होतं. साहेबाच्या गाडीत मी एकदा बसले होते, नासीर सगळी वाट ओकला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. झैद, सना, मला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. मला इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता, गाडीच्या वेळीही नाही. माझा नवरा मला काहीच बोलला नाही आणि तिच्या जिन्यात जाऊन बोलला. त्याचं माझ्यावर एवढं प्रेम होतं हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मला पंच्याहत्तराव्या वर्षी, मासळीच्या वासात. दवाखान्याच्या वाटेवर ती गाडी हळू करत होती तेव्हा तिला माहीत होतं. ईदला माझ्या पानात मोठा तुकडा घालत होती तेव्हा माहीत होतं. पन्नास वर्षं त्या दोघांनी मिळून मला सांभाळलं, आणि मी त्या वेळात तिच्या ताटातले तुकडे मोजत होते.

"झैदला मी लिहिणार आहे," मी म्हटलं.

"तू लिही. मी नाय सांगणार, मला सवय नाय आता," भाबी म्हणाली. "आणि इंजिनाचं त्याला विचार, ते येणार असेल तर माझी टिकटिकवाली कुठं ठेवणार? टाकून देऊ नको म्हणावं."

तर विचारते आहे. निर्णय तू आणि भाबी घ्या, मी ह्या गाडीचा आकडा दुसऱ्यांदा बदलणार नाही. फक्त जिथे जिथे तू दादाज मिस्टेक असं लिहिलं असशील तिथे दुरुस्ती कर. तुझ्या आजोबांनी न वाचता सही केली, कारण मी टाइप केलं होतं. आणि कळल्यावर ती सही आपल्या अंगावर घेतली, कारण मी टाइप केलं होतं. त्या कागदाचा फोटो सोबत पाठवते आहे. उन्हात धरून काढलाय.

सना मागे एकदा विचारत होती, दादी, तुझं होम कुठलं? रत्नागिरीचं घर भावाने विकलं. कुवेतचा इकामा सलीमच्या नोकरीवर आहे, ती गेली की मीही जाईन. कॅनडात तुम्ही माझ्यासाठी खोली ठेवली आहे म्हणता. मी तेव्हा काही उत्तर दिलं नव्हतं. आता देते. एका माणसाला माझं सगळ्यात वाईट काम गाडी आली त्याच आठवड्यात कळलं, आणि तरी तो माणूस मला जेवायला बोलवत राहिला, तो जिथे राहतो ते माझं घर. सध्या ते सालमियात दुसऱ्या मजल्यावर आहे. ह्या बाबतीतही मालकी तिचीच निघाली, आणि मला ते आवडलेलं नाही. पण आज दुपारी जेवायला मी तिथेच जाणार आहे.